कायमचं परत आल्यावर 'का आलात?' याचं उत्तर कुणाकुणाला द्यायचं?

कृष्णाकाठ

गेल्या जूनमध्ये आम्ही जर्मनीहून सांगलीला परत आलो. मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. बारा वर्षं श्टुटगार्टजवळ होतो. निर्णय घ्यायला दोन वर्षं लागली, तो घेतल्याचं वाईट अजून एकदाही वाटलेलं नाही. तरी रोज कुणाला तरी त्याचा जबाब द्यावा लागतो आणि त्यानं मी थकून गेले आहे.

पहिल्याच आठवड्यात दूधवाले काका म्हणाले, "सुट्टी किती दिवस?" म्हटलं, "सुट्टी नाही काका, कायमचे आलो." त्यांच्या हातातलं माप तसंच राहिलं. "बरं आहे ना सगळं?" त्यांच्या विचारण्यात खरी काळजी होती, म्हणून लागलं नाही. मावशीनं मात्र स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, जावयांची नोकरी गेली का. शेजारच्या आजोबांनी विचारलं, तिकडचं नागरिकत्व मिळालं नाही का. सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच: "परतीची वाट ठेवली आहेस ना?" आमच्याकडं कायम वास्तव्याचा परवाना होता. सहा महिने देशाबाहेर राहिलं की तो जातो. डिसेंबरमध्ये आमचा गेला. हे सांगितलं की समोरचा माणूस असा बघतो, जणू मी दागिने नदीत टाकून आले.

सगळ्यात जास्त बोचलं ते शाळेतल्या मैत्रिणीचं बोलणं. "आम्ही पोरांना बाहेर पाठवायला जिवाचा आटापिटा करतोय आणि तू परत आलीस?" दोन दिवस राग होता. मग कळलं, तिचा मुलगा जर्मनीला निघालाय. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात, त्यासाठी त्यांनी घर तारण ठेवलंय. माझं परत येणं तिच्या कर्जाच्या हप्त्याला धक्का देत होतं. तिला एवढंच ऐकायचं होतं की तिकडं चांगलं आहे. आणि ते आहेच. मी तिच्या घरी जाऊन मुलाला तिथली घरभाड्याची, विम्याची, हिवाळ्याची सगळी माहिती दिली. त्यानंतर तिनं एकदाही विचारलं नाही. तेव्हापासून मी प्रश्नापेक्षा विचारणाऱ्याच्या घरात काय चाललंय ते आधी बघते.

पण हा धागा मी शेजाऱ्यांसाठी काढलेला नाही. माझा प्रश्न दादाबद्दल आहे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. आमचं घर सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. मी तिकडं रात्र रात्र मोबाइलवर फूट आणि इंच बघत बसले होते. त्या रात्री दादानं आईला पाठीवर घेऊन जिना उतरला, कमरेएवढ्या पाण्यातून बोटीपर्यंत नेलं. पुढच्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून तिचं सगळं दादा आणि वहिनी बघतात. मी पैसे पाठवत होते, रोज व्हिडिओ कॉल करत होते.

परत येतोय हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "या की." बस्स. आता आठ महिने झाले, आम्ही तीन गल्ल्या पलीकडं राहतो. तो भांडत नाही, टोमणा मारत नाही. मी आईकडं गेले की तो चप्पल घालतो आणि बाहेर पडतो. वहिनी चहा देते आणि आत जाते.

लोकांच्या बोलण्याला उत्तर देता येतं. घरच्याच्या गप्प बसण्याचं काय करायचं? तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आला असेल तर सांगा.

एडिसन_ते_बाणेर

मी २०२३ मध्ये न्यू जर्सीहून आलो. दादाबद्दल सांगण्याइतकं मला कळत नाही, पण बाहेरच्या प्रश्नांबद्दल एक सांगतो.

मला खरोखरच नोकरीवरून काढलं होतं. एच-१बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर निघायचं. मला मिळाली नाही. इथं आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, "आईबाबांसाठी आलो." आईबाबा ठणठणीत आहेत, बाबा रोज तळजाईला फिरायला जातात. वर्षभर हे खोटं सांभाळलं. बाबांनाही खरं सांगितलं नव्हतं. ते शेजाऱ्यांना अभिमानानं सांगायचे, पोरगा आमच्यासाठी सगळं सोडून आला. ते ऐकताना मान वर करता यायची नाही.

शेवटी एका रविवारी सांगून टाकलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे साठ दिवस तू एकट्यानं काढलेस?" एवढंच. त्यानंतर कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, नोकरी गेली, परत आलो, इथं दुसरी मिळाली. लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. खऱ्या उत्तरापुढं कुतूहल फार टिकत नाही.

मोगरा_७१

कृष्णाकाठ, मैत्रिणीचा किस्सा वाचून गलबललं. माझाही मुलगा डब्लिनला आहे, कर्ज अजून चालू आहे. कुणी परत आल्याचं ऐकलं की पोटात गोळा येतो. आता विचारण्याआधी थांबेन.

खाडीपलीकडे

आमच्या कोकणात प्रश्न वेगळा असतो. युरोप-अमेरिकेहून आलेल्याला लोक विचारतात, "का आलात?" आखातातून आलेल्याला विचारतात, "पुन्हा कधी जाणार?" तिकडं कायमचं कुणी राहत नाही. नोकरी संपली की इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपतो. परत येणं ठरलेलंच. तरी घरात चार महिने बसलेला माणूस गावाला चालत नाही.

माझे अब्बा १९७९ पासून कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या तेव्हा ते तिथंच होते. बसने इराक ओलांडून अम्मानला, तिथं तंबूत दिवस काढून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या वेळी ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून एक लाख अकरा हजारांवर माणसं आणली होती. त्या आकड्यात माझे अब्बा एक. हातात रेक्झिनची एकच पिशवी होती. त्याआधी ते आले की घरात ब्लँकेटं, टँगचे डबे, अत्तराच्या बाटल्या, सगळ्या गल्लीसाठी साबण. त्या वर्षी पिशवीत दोन शर्ट आणि कागदपत्रं.

पहिला दिवस सगळं गाव रडलं. महिनाभरातच लोक येऊन बसायला लागले, "बँकेत काही राहिलं का तिकडं?" काहींना उसने दिलेले पैसे हवे होते, काहींना पोराच्या व्हिसाचं काय झालं ते. अब्बा दारातल्या बाकड्यावर बसायचे ते मागच्या पडवीत बसायला लागले. १९९२ ला पुन्हा गेले. कायमचे आले २०११ ला, तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. आम्हाला एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. ते जेवायला बसले की आम्ही भावंडं उठायचो. भांडण नव्हतं. ते घरात असताना कसं वागायचं तेच ठाऊक नव्हतं.

तुमच्या दादाचं चप्पल घालणं वाचून मला आमचं उठणं आठवलं. तो राग असेलच असं नाही.

कृष्णाकाठ

खाडीपलीकडे, शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आभारी आहे.

रानजाई

मी कुठं गेले नाही. नाशिकलाच आहे. माझे दोन्ही भाऊ गेले, एक ऑस्ट्रेलियाला, एक कॅनडाला. म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. कडू वाटलं तर माफ करा.

बाबांना सांभाळून चौदा वर्षं झाली. भाऊ तीन आठवडे येतो तेव्हा बाबांचा चेहरा उजळतो. त्याच्यासाठी उकडीचे मोदक होतात. मी मात्र रोज 'गोळी घेतली का', 'मीठ कमी घाला', 'काठी कुठंय' म्हणणारी. त्यामुळे चिडचिड माझ्या वाट्याला आणि कौतुक त्याच्या. बाबांचं प्रेम माझ्यावर कमी नाही, पण रोजच्या माणसाचा चेहरा कुणी डोळे भरून बघत नाही.

मागच्या वर्षी धाकटा म्हणाला, मी परत येतो. सगळ्यांना वाटलं मला हायसं वाटेल. मला भीती वाटली. आता हा येणार, औषधांचा डबा उघडणार, डॉक्टर कोण म्हणून विचारणार, आणि चौदा वर्षांत मी काय काय चुकीचं केलं ते एका महिन्यात कळणार. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. जमेल तसं केलं. खूप चुकलंही असेल.

तुम्हाला सगळे विचारतात, का आलात. मला आजवर एकानेही विचारलं नाही, तू का राहिलीस. मला बंगळुरूची नोकरी आली होती, २०११ मध्ये. ते घरात कुणाच्या लक्षातही नाही.

कृष्णाकाठ, एक विचारते. खरं उत्तर द्या, इथं नाही दिलंत तरी चालेल. आल्यावर पहिल्या महिन्यात तुम्ही आईच्या खोलीत काय काय बदललंत?

एडिसन_ते_बाणेर

रानजाई, तुमचा प्रतिसाद बहिणीला पाठवला. ती पुण्यातच राहिली होती. मीही तिला कधी विचारलेलं नाही.

कृष्णाकाठ

इथंच देते.

पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलसारखा वरखाली होणारा पलंग आणला. आईचा जुना सागवानी पलंग गच्चीवर गेला. गोळ्यांसाठी वारांची नावं असलेला डबा आणला. दादा त्या चहाच्या डब्यात ठेवायचा. दिवसभरासाठी बाई लावली. डॉक्टर बदलले. दादाला विचारलं नाही, कारण मला वाटलं त्याचं ओझं कमी करतेय. बाई लावली त्या दिवशी मी वहिनीला म्हटलं होतं, "आता तुम्ही दोघं मोकळे." ती काहीच बोलली नाही.

तिकडं बसून बारा वर्षं जे करता आलं नाही ते सगळं एका महिन्यात करायची मला घाई झाली होती. त्याच्या हातातून मी आई काढून घेतली हे माझ्या ध्यानात आलं नाही. आज हे लिहिताना आलं.

गोदावरीतीर

थोडा विषयाला वळसा घालतो, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी नांदेडचा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकून आलो. घरात परदेशी गेलेला पहिला मीच, तालुक्याला तरी किती असतील. परत आलो तेव्हा बस स्टँडवर सगळी वस्ती आली होती. आईने नवी साडी नेसली होती. बुद्धविहारात सत्कार झाला, पोरांनी रात्री अकरापर्यंत प्रश्न विचारले. अर्ज कसा भरायचा, इंग्रजीचं काय करायचं. मला कुणीच विचारलं नाही, का आलास. तू येणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मग नोकरीसाठी मोठ्या शहरात आलो. भाड्याचं घर बघताना एजंटने पदवी ऐकली, विद्यापीठाचं नाव ऐकलं, खूश झाला. मग आडनाव विचारलं. दोन दिवसांनी फोन, "मालकांचा विचार बदलला." असं तीन घरांच्या बाबतीत झालं. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच पुसली गेली होती, असंही ते लिहितात. ते वाक्य मला तिसऱ्या घराच्या वेळी कळलं.

परत आल्यावर लोक कसे वागतात हे तुम्ही कुठून आलात यावर ठरतं तसं कुणाच्या घरी आलात यावरही ठरतं. माझ्या वस्तीतली पोरं अजून दर रविवारी फोन करतात. त्यातल्या दोघांना या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली.

खाडीपलीकडे

गोदावरीतीर, वळसा नाही हा. घर बघतानाचा हा अनुभव आम्हालाही आहे. दोघांचं मनापासून अभिनंदन.

सत्तरी

गोव्यात ही गोष्ट पासपोर्टापासून सुरू होते. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. त्यावर मी इंग्लंडमध्ये स्विंडनला नऊ वर्षं होतो, गोदामात रात्रपाळी. त्यातून गावात घर बांधलं. परत आलो तो ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पंचायत निवडणुकीच्या दिवशी सगळे रांगेत आणि मी घरात. एकजण म्हणाला, "तू आता पोर्तुगीज रे." खूप लागलं. माझे आजोबा पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, राज्यात त्यांनाच शिव्या देत मेले.

शिगम्याला मात्र कुणी कार्ड बघितलं नाही. ढोल खांद्यावर दिला आणि म्हणाले, वाजव.

ठाणेकर_समुपदेशक

माझ्याकडे परत आलेली कुटुंबं बरीच येतात. लिसगार्ड या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९५५ मध्ये मांडलं होतं की परदेशी गेलेल्याचं मन आधी उंच, मग खाली, मग हळूहळू वर येतं. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने त्यात भर घातली: मायदेशी परतल्यावर तोच चढउतार पुन्हा होतो. अनुभवाने सांगते, दुसरी घसरण जास्त सोसावी लागते, कारण तिची तयारी कुणीच केलेली नसते. जाताना सगळे म्हणतात, जपून राहा. येताना कुणी म्हणत नाही.

सगळ्यांचा असा आलेख निघेलच असं नाही. पण घरातल्या राहिलेल्या माणसाचाही एक चढउतार असतो आणि तो कुणी मोजत नाही. रानजाईंनी जे लिहिलंय ते मी माझ्याकडे येणाऱ्या पुढच्या कुटुंबाला वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

रानजाई

चालेल. नाशिक तेवढं गाळा.

खतावणी

पैशांचे प्रश्न जिथं निघतात तिथं एक सांगतो, व्यवसायाने करसल्लागार आहे. 'तिकडून किती आणलंत?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांचा सल्ला ऐकून पैसे हलवू नका. बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्यांना सुरुवातीला आरएनओआर दर्जा (निवासी, पण सामान्य निवासी नाही असा करातला दर्जा) मिळू शकतो, म्हणजे आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिला असाल तर. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर साधारणपणे इथं कर लागत नाही. एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं बँक खातं) मात्र आल्यावर निवासी करून घ्यावं लागतं, हे पुष्कळ लोक विसरतात. आणि जर्मनीहून आलेल्यांनी 'पेन्शन बुडाली' असं कुणी म्हटलं तर घाबरू नये. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे.

मोगरा_७१

कृष्णाकाठ, तीन आठवडे झाले. काही लिहिलं नाहीत. सगळं ठीक ना?

कृष्णाकाठ

ठीक आहे. उशिरा लिहितेय, कारण आधी घडायला हवं होतं.

रानजाईंचा प्रश्न वाचल्यावर चार दिवस काहीच केलं नाही. मग शनिवारी पेढी बंद व्हायच्या वेळेला मार्केट यार्डात गेले. लहानपणी बाबांना डबा द्यायला जायचो तसं. दादाची बोटं पिवळी होती. म्हटलं, "दादा, मी पलंग तुला न विचारता बदलला. डॉक्टर न विचारता बदलले. चुकलं माझं." तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "पलंग चांगला आहे. तिला उठायला सोपं जातं." थोड्या वेळाने म्हणाला, "डॉक्टर नव्हता बदलायला पाहिजे. पुरात तो माणूस ट्रॅक्टरमधून आला होता तिच्यासाठी."

मला हे माहीतच नव्हतं. आठ महिन्यांत मी विचारलं नव्हतं.

मग मी विचारलं, "दादा, तू का राहिलास?" तो बराच वेळ गप्प होता. मग बोलला. काय बोलला ते इथं लिहीत नाही, ते त्याचं आहे. आम्ही घरी आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि वहिनी दारात उभी होती.

जुने डॉक्टर परत आले. बाईंना आता फक्त सकाळी यायला सांगितलंय, दुपार वहिनीची, तिनं स्वतः मागून घेतली. दादाकडं एक लांब वही आहे, हिशेबाची असते तशी लाल कापडाची. २०२० पासून आईचं रोजचं बीपी, झोप, कुठल्या गोळीने मळमळ झाली, कुठली भाजी चालली, सगळं त्यात आहे. परवा त्यानं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, मंगळवारी सौद्यांची गडबड असते, मंगळवार तुझा.

उद्या मंगळवार. फिजिओथेरपिस्ट साडेनऊला येतात. आईला त्याआधी पेज लागते, कोमट, मीठ अगदी चिमूटभर, आणि डावा हात आधी हलवायचा नाही. वहीत लिहिलंय.